एक काना

तारनाका, हैदराबाद
रविवार

प्रिय त्रिवेणी,

यंदाची शिफारस-यादी झाली. नऊ एकांकिका लिहून झाल्या, दहावी ओळ रिकामी आहे. आपल्या मंडळाचे सचिव हिम्मतराव शुक्रवारी ती न्यायला येतील. यादी जानेवारीतल्या महोत्सवाला जाते आणि तिच्या प्रती मराठवाड्यातल्या कॉलेजांना. तिकडची मुलं वर्षभर तीच नाटकं करतात. माझं चुकलं तर वर्षभर चुकतं.

या वेळी एकतीस संहिता आल्या. अकरांत कुणीतरी मोबाईलवर बोलत असतं आणि पलीकडचं माणूस शेवटपर्यंत दिसत नाही. सहांत मेलेला माणूस परत येऊन उपदेश करतो. जिवंतपणी ज्याचं घरात कुणी ऐकलं नाही, त्याचं मेल्यावर सगळे का ऐकतात, हे एकाही लेखकाने सांगितलेलं नाही. एकात तिसऱ्या प्रवेशात पूर येतो. मुलांनी पूर कुठून आणायचा? माझी कसोटी जुनीच आहे: नाटकाचं सगळं सामान दोन मुलींना सिटी बसमधून नेता आलं पाहिजे. तरीही नऊ मिळाली. पहिलं परभणीच्या एका मुलाचं. दोन भाऊ जिन्यावरून कपाट उतरवतात आणि ते वळणावर अडकतं. चाळीस मिनिटांत एवढंच घडतं. मी दोनदा वाचलं, दोन्ही वेळा माझे खांदे दुखले.

तुझं नाटक जूनमध्ये आलं. ‘सहा नंबरचा बोर्ड’. वर चिठ्ठी: “नुसतं वाच. यादीत घालू नकोस. मैत्रीण म्हणून घातलं असं लोक म्हणतील.” मी वाचलं, कपाटात ठेवलं आणि तुला दोन ओळी कळवल्या. त्या दोन ओळी कंजूष होत्या. नाटक मला आवडलं होतं. टेलिफोनच्या ट्रंक एक्स्चेंजमधला शेवटचा दिवस, दोन ऑपरेटर, मोठी आणि धाकटी. उद्यापासून सगळं यंत्रावर. बोर्डाच्या, लाइन जोडायच्या कॉर्ड एकेक करून काढल्या जातात आणि दोघी घरचं बोलत राहतात. फक्त शेवट मला लंगडा वाटला. मोठी म्हणते, “मग आता…” आणि धाकटी म्हणते, “काही नाही.” दिवे जातात. मला वाटलं, लेखिका दमली.

वाचताना हिमायतनगरची आपली खोली आठवली. तू दुपारी दोनला ड्यूटीवरून यायचीस, चपला न काढता पलंगावर बसायचीस आणि म्हणायचीस, “चारू, मला बोलायला लावू नको. सहाशे लोकांशी बोलून आले.” मी तेव्हा नारायणगुड्याच्या कॉलेजात नवीन होते आणि मला बोलायला सगळा दिवसही पुरायचा नाही. तू भिंतीकडे तोंड करून ऐकायचीस. रविवारी मला उदगीरला आईशी बोलायचं असलं की तू तुझ्या मैत्रिणींना सांगून ठेवायचीस. माझी तीन मिनिटं नेहमी पाच व्हायची.

आता मुलींचं सांगते. माझ्याकडे दर गुरुवारी चारला दोघी येतात, राणी आणि रेणुका. दोघींचे वडील रेल्वेत, घरं शेजारशेजारची, दोघी बी.कॉम.ला. घरी मराठी, कॉलेजात तेलुगू, आपसांत जे तोंडाला येईल ते. त्यांना महोत्सवात नाटक करायचं आहे. मी कपाटाचं नाटक पुढे ठेवलं. राणीने पहिलं पान उघडलं, मिटलं आणि म्हणाली, “मॅडम, बोलायला सांगा, दिवसभर बोलते. हे वाचायचं म्हटलं की रेल्वेचा टाइमटेबल वाचल्यासारखं होतं.” रेणुका म्हणाली, “तिला तो पण येत नाही, मॅडम. तिची गाडी रोज सुटते.”

तुला माहीत आहे, अकरा वर्षं मी मंडळाच्या बैठकीत एकच भांडण भांडते आहे. ज्याला देवनागरी वाचता येत नाही, त्याने मराठी नाटकात उभं राहू नये. हिम्मतराव म्हणतात, “चारुताई, तुमच्या नियमाने स्टेजवर तुम्ही आणि मी उरू. आणि मला पाठांतर होत नाही.” मी हसत नाही. त्या गुरुवारी मात्र मुली गेल्यावर मी कपाटातून तुझं नाटक काढलं आणि मोबाईलवर रोमन अक्षरांत टाइप करायला बसले. दोन बायका, दोन स्टूल, थोड्या दोऱ्या. सामान बसमध्ये मावत होतं. पाच दिवस लागले. तुला विचारलं नाही, हिम्मतरावांना सांगितलं नाही. फक्त वाचून बघू, असं स्वतःला सांगितलं.

पुढच्या गुरुवारी दोघी जमिनीवर बसून मोबाईलवरून वाचत होत्या. राणी मोठी, रेणुका धाकटी. वाचन अडखळत चाललं होतं. मध्येच राणी विचारायची, “हे हल्लू बोलायचं का, मॅडम?” मी मान हलवायचे. मग शेवट आला. राणीने वाचलं आणि कुणी न सांगता हात पुढे केला, त्यात एखादी कॉर्ड असल्यासारखा. ती म्हणाली:

“माग आता.”

रेणुका तिच्याकडे बघत राहिली. खाली बघून वाचायचं ती विसरली असावी. तशीच म्हणाली, “काही नाही.”

मला आधी काय झालं तेच कळलं नाही. नंतर मोबाईल घेऊन बघितलं. मी टाइप केलं होतं ते बरोबर होतं, mag. त्या लिपीत ‘मग’ आणि ‘माग’ एकच. तुझी पुढची तीन टिंबं माझ्याकडून राहिली होती. आपल्या लिपीत ‘माग’ व्हायला एक काना लागला असता आणि ही चूक झाली नसती. नेमकं हेच मी अकरा वर्षं सांगत होते.

मी चूक दुरुस्त करायला तोंड उघडलं, तोवर रेणुका बोलायला लागली होती. “काय बेकार आहे ना ही धाकटी. तीस वर्षं लोकांना नंबर लावून दिले. जो मागेल त्याला. हिला कधी कोणी विचारलंच नाही, तुला कुठला पाहिजे. आज मोठी विचारते, एक लाइन शिल्लक आहे, माग. तर म्हणते काही नाही.” राणी म्हणाली, “हौ. तिला मागायची सवयच नाही. माझी मोठी आई अशीच आहे. जेवायला काय करू विचारलं की म्हणते, कायपण नक्को.” दोघी हसल्या, मग हसायच्या थांबल्या. राणीने मला विचारलं, “मॅडम, लेखिकेने हेच लिहिलंय ना? हेच ना?”

मी हो म्हणाले.

चाळीस वर्षं शिकवलं, पण वर्गात खोटं बोलल्याचं मला आठवत नाही. आणि वाईट वाटायला हवं तेवढं वाटलं नाही, हेही लिहून टाकते. उलट तो आठवडा मी फार आनंदात काढला. भाजी निवडताना, बँकेत रांगेत उभी असताना ते दोन शब्द मनात म्हणून बघत होते. नंतर एक गोष्ट लक्षात आली आणि ती काही केल्या जाईना. चार वर्षं आपण एका खोलीत राहिलो. एक्स्चेंजमध्ये तू होतीस, सगळ्या लाइनी तुझ्या हाताखाली, आणि तू कुणाला फोन लावल्याचं मला आठवत नाही. नांदेडची बदली तू मागितली होतीस की तुझ्या सासरच्यांनी, हे मी कधी विचारलं नाही. स्टेशनवर तुझी ट्रंक उचलू लागले आणि कॉलेजातल्या कुणाची तरी नक्कल करत राहिले. तू हसलीस. मला वाटलं, सगळं ठीक आहे.

गेल्या गुरुवारी दोघींनी पुन्हा ते नाटक केलं, पाठ करून. मी खुर्चीवर बसून बघितलं. त्रिवेणी, ते फार चांगलं झालं आहे. मी आजवर शिफारस केलेल्या कुठल्याही नाटकाचा शेवट इतका साधा नव्हता. आणि तो अर्धा तुझा नाही. अर्धा राणीचा आहे, जिला आपलं नाव सोडून मराठीत काही लिहिता येत नाही.

म्हणून हे पत्र. तू यादीत घालू नको म्हणालीस, तरी मला दहाव्या ओळीवर तुझं नाव लिहायचं आहे. मैत्रीण म्हणून घातलं असं लोक म्हणतील, आणि त्यात थोडं खरं असेल. ते मी सांभाळेन. रोमन अक्षरांची गोष्ट हिम्मतरावांना मीच सांगेन. त्यांना वर्षभर पुरेल एवढा विनोद मिळेल. पण तो शब्द तुझा आहे. तू ‘मग’ लिहिलंस. ते तसंच राहायला हवं असेल, तर मुली एका दिवसात बदलतील. मी कारण विचारणार नाही. येत्या गुरुवारी चारला त्या आल्या की खरं काय झालं ते मी त्यांना सांगणार आहे: चूक माझ्या बोटांची होती आणि त्यांना हो म्हणाले तेही खोटं होतं. हे तुझ्या उत्तरावर अवलंबून नाही. त्यानंतर त्या विचारतील, मग करायचं काय? ते मला माहीत नाही. गुरुवारी चारच्या आधी मला फोन कर. पत्र लिहू नकोस, निरोप पाठवू नकोस. तू लाव, मी उचलते.

गुरुवारपर्यंत तुझीच, आणि नंतरही,
चारू