मंगळवार-शुक्रवारची नाडी

३ मार्च

ती. आत्यास सा. न. वि. वि.

डॉक्टरांनी तुला तीनदा बोलावलं हे कळलं आणि माझं धाबंच दणाणलं. तुझ्या मनगटावरच्या पट्ट्यातली ए.आय. नाडीची लय शिकते आणि ती बिघडली की डॉक्टरांना कळवते. तुझ्याबद्दल सारखे इशारे येतायत, पण तपासलं तर हृदय ठणठणीत! म्हणजे पट्टा खोटारडा, असं म्हणून आमच्या पट्ट्याच्या चाचणीवर देखरेख करणारी समिती ती बंद करायला निघालीय. चार वर्षं या चाचणीच्या आराखड्यापायी डोळे फोडलेत मी. पण ते जाऊ दे. तू काही दुखणं लपवत नाहीस ना? इशारे फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी येतात. त्या दिवशी तू काय करतेस? फोनवर विषय बदलतेस, म्हणून लिहून विचारते.

राग नको, उत्तर हवं.

तुझी,
खारू

७ मार्च

चि. खारूस अ. उ. आशीर्वाद.

मला काही धाड भरलेली नाही. फोनवर तू वकिलासारखी उलटतपासणी घेतेस आणि माझी बोबडी वळते, एवढंच.

तर ऐक. चाचणीत आम्ही दोघींनी नावं दिली, पण पट्टा कुणाला द्यायचा याच्या सोडतीत तो मला मिळाला, शेजारच्या तुझ्या शिवणकाकूला नाही. चाळीस वर्षं आम्हा दोघींत एक शिडी, एक इस्त्री, एक वर्तमानपत्र. पट्टा तेवढा मी एकटीने मिरवायचा? लाज वाटली गं. म्हणून मंगळवार-शुक्रवार तो तिच्या हाताला असतो. दुसऱ्या कुणाला देऊ नये, असं कागदावर होतं खरं. सहीही केली मी. पण मला वाटलं, ते परक्या माणसांबद्दल असेल. शिवणकाकू कुठे परकी?

बुडवली का मी तुझी चाचणी? कान उपट, पण अबोला धरू नकोस.

तुझी,
आत्या

११ मार्च

ती. आत्यास सा. न. वि. वि.

परवा फोनवर ओरडले, माफ कर. अगं, पट्टा खरं तेच बोलत होता! ते बिघडलेले ठोके काकूंचे. डॉक्टरांनी त्यांना त्याच दिवशी दाखल करून घेतलं म्हणून जिवात जीव आला.

समितीला तुझे प्रताप सांगितले. तुम्हा दोघींना चाचणीतून वगळावं लागलं, त्याला इलाज नाही. चाचणी मात्र चालू राहणार. पुढच्या वेळी सोडत माणसागणिक नाही, इमारतीगणिक काढायची: पट्टा मिळाला तर सगळ्या इमारतीला, नाहीतर कुणालाच नाही. आमच्या आकडेवारीच्या बाई म्हणाल्या, हे आधीच सुचायला हवं होतं. त्यांचाही चष्मा निम्मा वेळ शेजारणीकडेच असतो म्हणे.

काकू कशा आहेत? दोन ओळी तरी लिही.

तुझी,
खारू

१९ मार्च

चि. खारूस अ. उ. आशीर्वाद.

हुश्श! तुझी काकू घरी आली. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर रक्ताची गुठळी होऊन एक अंग लुळं पडलं असतं. धाप लागायची, ती बया जिन्याला दोष देत बसली होती. आता गोळ्या चालू आहेत आणि मलाही झोप लागते.

दवाखान्याने तिला तिचा स्वतःचा पट्टा दिलाय. काल सकाळी तो हातात घेऊन दारात उभी! म्हणाली, सोमवारी तू घाल. असली खवळले मी! तिथल्या तिथे तिच्या मनगटावर तो घट्ट बांधला, आणि मग तोच हात धरून मनसोक्त रडले.

लोभ आहेच. काळजी तेवढी आता खाली ठेव.

तुझी,
आत्या