हल्ली सगळे पुटपुटतात

३ फेब्रुवारी, सकाळ
आजपासून नोंदी ठेवायच्या. पुढेमागे पुरावा लागेल. पुठ्ठ्याच्या कारखान्यात एकतीस वर्षं, त्यातली बारा फोरमन म्हणून. स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर, मूठ कानाला, की रोलरच्या पोटात काय दुखतंय ते सांगतो. ही विद्या अख्ख्या कारखान्यात फक्त माझ्याकडे. आणि माझ्या हाताखालच्या फिटरचा डोळा नेमका माझ्या खुर्चीवर.

४ फेब्रुवारी
या फिटरला मी मनात हसरा म्हणतो. सदानकदा हसतो. कारण नसताना इतकं चांगलं कोण वागतं? इथंच पाणी मुरतंय. माझ्याशी बोलायचं तर अगदी समोर येऊन उभा राहतो आणि एकेक शब्द चावून बोलतो. मी काय कुक्कुलं बाळ आहे? मीटिंगमध्ये माझ्या शेजारची खुर्ची पकडतो, मॅनेजर बोलतील ते कागदावर लिहून माझ्यापुढे सरकवतो. चमचेगिरी, दुसरं काय! बाकीचे तर मी डबा उघडला की कुजबुजायलाच लागतात. ओठ हलतात, आवाज नाही.
निश्चय: हसऱ्याशी कामापुरतंच बोलायचं. त्याचं काही घ्यायचं नाही.

५ फेब्रुवारी
हसऱ्याने चहा आणला. घेतला. चहाने माझं काय वाकडं केलंय?

९ फेब्रुवारी, रविवार
दारावरची बेल तिसऱ्यांदा बदलली. इलेक्ट्रिशियन म्हणतो बेल उत्तम आहे. लबाड माणूस. बायको हल्ली तोंडातल्या तोंडात बोलते आणि वर माझ्यावरच चिडते. शेजारच्या आजोबांचा टीव्हीच्या आवाजाबद्दल पुन्हा निरोप. वयाने माणूस किरकिरा होतो.
बायकोने कानाच्या डॉक्टरचं कार्ड आरशाच्या कडेला खोचलंय. स्वतःसाठी असणार. त्रास होत असेल तर सरळ सांगावं ना.

१३ फेब्रुवारी, दुपारी ३
सापडला! मेंटेनन्सचं रजिस्टर चाळलं. जानेवारीपासून वेगवेगळ्या रोलरच्या नऊ नोंदी. ‘रोलर नंबर चार, बेअरिंगचा आवाज, बेअरिंग बदललं.’ खाली माझी सही. यातली एकही मी केलेली नाही! माझ्या राउंडला हे सगळे रोलर ठणठणीत होते. म्हणजे हा माझ्यामागून फिरतो, धडधाकट बेअरिंगं बदलतो आणि माझी खोटी सही ठोकतो. मला गोत्यात आणायला. रागाच्या भरात चष्मा दोनदा पाडला.

१४ फेब्रुवारी
मॅनेजरांकडे लेखी तक्रार दिली. त्यांनी हसऱ्याला माझ्यासमोर बोलावलं. सह्या मीच केल्या, म्हणाला. का केल्या, म्हटल्यावर मान खाली. मॅनेजरांनी पुन्हा विचारलं. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा जमिनीकडे. शिक्षा: सोमवारपासून गोडाऊनमध्ये खोकी मोजायची.
जाताना माझ्याकडे बघून हसला. कोडगा.
दिवसभर छातीत धडधडतंय. आनंदाने असणार.

१८ फेब्रुवारी
एकट्याने राउंड. सगळे रोलर लोण्यासारखे. एकतीस वर्षांत कारखान्यात इतकी शांतता मी अनुभवली नव्हती. एक माणूस गेला की केवढा फरक पडतो!
मीटिंगमध्ये मॅनेजर फळ्याकडे तोंड करून बोलले. मी मान हलवत राहिलो. शेवटी त्यांनी मला काही विचारलं असावं, कारण सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, बरोबर आहे.
चहा कुणी आणला नाही.

२० फेब्रुवारी, संध्याकाळ
अकरा वाजता तीन नंबरच्या रोलरला स्क्रूड्रायव्हर लावला. ‘ठीक’ लिहिलं. तिथेच पाठमोरा उभा राहून पेनाचं टोपण लावत होतो, तर मागून कुणीतरी जोरात ढकललं. आडवा झालो. वळून बघतो तर पॅकिंगवाल्या मावशी. मी उभा होतो तिथे रोलरचा तुटलेला, तापलेला पट्टा आणि धूर. मावशींच्या कोपराला चांगलंच भाजलंय.
मी त्यांच्यावरच खेकसलो, हाक मारता येत नव्हती का म्हणून.
सगळ्यांचे ओठ हलत होते. शेवटी स्टोअरकीपरने पावतीच्या मागे लिहून दाखवलं. मावशी केव्हाच्या हाका मारत होत्या. रोलर सकाळपासून किंचाळत होता. फोरमननी ठीक लिहिलं, म्हणून कुणी बंद केला नाही.
कारखान्यात गोंगाट फार असतो.

२१ फेब्रुवारी
बायकोला सांगितलं. रडली. मग समोर बसून एकेक शब्द चावत बोलली, अगदी हसऱ्यासारखी. तो डिसेंबरातच घरी येऊन गेला होता म्हणे. माझ्या रिटायरमेंटला चौदा महिने उरलेत. तोवर माझ्या प्रत्येक राउंडनंतर तो गुपचूप दुसरा राउंड मारणार होता, आणि नोंद माझ्या नावावर, म्हणजे फोरमनला ऐकू येत नाही हे मॅनेजरांना कळणार नाही.
“तुमची मान खाली जाऊ देणार नाही, असा शब्द दिला होता त्यांनी मला,” ती म्हणाली.
मी म्हणालो, मला सगळं ऐकू येतं. तिने उठून खिडकी लावली आणि माझ्याकडे पाठ करून काहीतरी विचारलं. म्हणजे विचारलं असणार. वळली तेव्हा तिच्या हातात ते कार्ड होतं.

२४ फेब्रुवारी
डॉक्टर. डावा कान जवळजवळ गेलाय, उजवा अर्धा. त्यांचं मशीन जुनं होतं, असं लिहिणार होतो. नवं कोरं होतं.

२५ फेब्रुवारी
मॅनेजरांना सगळं सांगितलं. उद्यापासून फोरमन हसरा. खोकी मी मोजणार.
मावशींची माफी मागितली. काय म्हणाल्या कळलं नाही, पण बँडेजच्या हातानेच डबा माझ्याकडे सरकवला. एक घासही घेतला नाही.
संध्याकाळी हसऱ्याला फोन लावला. चुकलो, म्हणालो. पलीकडून तो काहीतरी बोलला. सवयीने ‘बरोबर आहे’ म्हणणार होतो. थांबलो.
“पुन्हा सांग,” मी म्हणालो. “मला ऐकू येत नाही.”
तो पुन्हा बोलला. तेही नाही आलं. फोन बायकोला दिला. तिने ऐकलं, आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.
“विचारतायत, जेवलात का?”
जेवलो नव्हतो.