मामाची जागा

डिंडोली, सुरत
ता. १२ जानेवारी २०२५

चि. सौ. मंगलाबाईस दादाचा आशीर्वाद.

इकडे सगळं बरं आहे, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. गुडघे दुखतात. झोपण्याआधी दाराची कडी दोनदा ओढून पाहतो, तरी खात्री पटत नाही. गजेंद्रच्या लग्नाची पत्रिका मिळाली. मामा म्हणून माझं नाव सगळ्यांच्या वर घातलंस. वाचून ती परत पाकिटात ठेवली.

गजेंद्रने इथून तुला काय सांगितलं असेल, देव जाणे. बघ, सवयीने मीही देवाचं नाव लिहून जातो.

माझी योगिता प्रार्थनेला जाते हे तुला माहीत आहे. जावयाची दारू सुटली तेव्हापासून जाते. मला ते पटलं नाही. तिने कुलदेवी सोडून येशू धरला, मला दोन्ही सारखेच. युनियनमध्ये होतो तेव्हा देव सोडला, तो सोडलाच. आई गेली तेव्हाही हात जोडले नाहीत. गावाने नावं ठेवली, पण पंगतीतून कोणी उठवलं नाही.

नाताळाच्या आधीच्या रविवारी तिच्या खोलीत बायका गाणी म्हणत होत्या. मी बाहेर ओट्यावर त्यांच्या चपला राखत होतो. त्यांच्या देवाशी माझा संबंध एवढाच. घोषणा देत पोरं आली. ढोलक फोडली, पुस्तकं गटारीत टाकली. पास्टर म्हणजे नवापूरकडचा साधा म्हातारा माणूस, त्याला खाली पाडून लाथा घातल्या. मी दारात आडवा झालो. तोंडाला रुमाल बांधलेला एक जण पुढे आला आणि म्हणाला, "मामा, बाजूले सरक. तू ते आपलाच शे."

मी म्हणालो, मी कोणाचाच नाही, मी देवच मानत नाही. पोरं हसली. चालेल, तरी तू आपलाच, म्हणे. मंगला, मी जन्मभर देवाला नको ते बोललो, माझ्या दाराला कोणी हात लावला नाही. योगिता नुसती डोळे मिटून बसते, तर तिचं मनगट मोडलं. त्या रुमालवाल्याच्या दांड्याने.

त्याचं जावळ माझ्या मांडीवर काढलं होतं. मी असलं मानत नाही म्हणालो, तेव्हा तू रडलीस, म्हणून बसलो होतो. रुमालाने काय झाकतं?

धर्माने पोरगा बिघडला, असं म्हणून मोकळं व्हायला मला जमत नाही. संपात आमच्याच लाल झेंडेवाल्यांनी कामावर गेलेल्या एका माणसाचा पाय मोडला होता. तेव्हा कोणाच्या तोंडी देवाचं नाव नव्हतं.

योगिताने चौकीत नाव सांगितलं नाही. येशूवर सोपवलं, म्हणते. रोज गजूसाठी प्रार्थना करते. मला म्हणाली, "आप्पा, तुम्हीपण सोडा." तिच्याकडे सोपवायला कोणीतरी आहे. माझ्याकडे कोणी नाही. मी सोडलं, तर ते तिथेच मिटलं. म्हणून परवा चौकीत जाऊन गजेंद्रचं नाव सांगितलं आणि खाली सही केली.

तेव्हापासून योगिता एका हाताने ताट वाढते, पण बोलत नाही.

लग्नाआधी त्याला नेतील का, ठाऊक नाही. साहेब नुसतं बघू म्हणाले. तुझं एकुलतं एक पोर, सगळं कळतं मला. मंगलाष्टकं होताना त्याच्या मागे वाल्मिकला उभं कर, तोही चुलत मामाच आहे. मुलीकडच्यांनी विचारलं तर सांग, दादाची तब्येत बरी नाही. ते खोटं होणार नाही.

हे वाचल्यावर तू मला भाऊ म्हणशील की नाही, कळत नाही. म्हणून खाली नुसतं नाव लिहितो.

सुपडू