आबांच्या गाडीखालचे ठोकळे

कोल्हापूर,
एप्रिल २००१

प्रिय दादा,

इथे सगळे बरे आहेत, असं लिहायची सवय झाली आहे म्हणून लिहिते. आईचा गुडघा दुखतो, पण जिना चढते. आबांची गाडी मागच्या आठवड्यात भंगारात गेली. तूच म्हणायचास ना, एकदाची काढून टाका. उद्यमनगरातला सयाजी मिस्त्री ती ओढून घेऊन गेला, तेव्हा आबा घरातून बाहेरच आले नाहीत.

साहेबांची ती जर्मन गाडी आबांनी त्यांचे ड्रायव्हर म्हणून उभं आयुष्य चालवली. साहेब वारल्यावर त्यांच्या मुलांनी ती आबांनाच दिली, तो दिवस तुला आठवत असेल. आबांनी गल्लीत गाडी आणली तेव्हा हॉर्न वाजवायलाही ते लाजत होते. तिला स्प्रिंगा नव्हत्या, त्यांच्या जागी चाकांपाशी हवेनं भरलेले रबरी फुगे होते. खड्डा आला तरी मागं बसलेल्याला कळायचं नाही. लग्नाच्या वराती घेऊ, म्हातारपण मजेत जाईल, असं आबांच्या मनात होतं. आणि मग ते फुगे गळायला लागले. सकाळी बघावं तर गाडी बसलेल्या म्हशीसारखी जमिनीला टेकलेली.

तू तेव्हा शिरोलीच्या कारखान्यात होतास. ओळखीतून परदेशातले नवे फुगे मागवतो म्हणालास. एका रविवारी शेडचं दार लावून दिवसभर गाडीखाली होतास. कोपरापर्यंत ग्रीस माखून बाहेर आलास आणि म्हणालास, झालं काम. आईनं त्या दिवशी मटण केलं होतं. आबांनी चौकापर्यंत एक फेरी मारली आणि परत येऊन हळूच म्हणाले, "प्रसेनजीत, गाडी लई आपटतीय रं." तू म्हणालास, "नवीन रबर आहे आबा, बसायला वेळ लागतो." मी तिथेच चहाचे कप घेऊन उभी होते. आबांनी मान डोलावली. त्यानंतर भेटेल त्याला ते सांगत सुटले, की माझ्या पोरानं परदेशी माल बसवलाय. तू त्याच आठवड्यात नोकरीसाठी पुण्याला गेलास.

पहिलीच वरात पेठ वडगावची होती. नवरदेवाला घेऊन आबा कागलला निघाले होते. हायवेवर भर दुपारी गाडी अचानक एका अंगाला खाली बसली, चाक पत्र्याला घासून अडकलं आणि गाडी झाडावर गेली. नवरदेवाला खरचटलं. पुढं बसलेल्या त्याच्या भावाचा, केरबाचा, गुडघा गेला. संध्याकाळी तू पुण्याहून आलास. चौकीत आबा बाकावर बसले होते, मी शेजारी. तू फौजदारांना म्हणालास, "साहेब, वय झालंय त्यांचं. नजर कमी झाली आहे. आम्ही गाडी चालवू नका म्हणून सांगत होतो." आबांनी तुझ्याकडे बघितलं नाही. खाली बघून नुसतं "व्हय" म्हणाले.

त्यानंतर मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं होतं. डॉक्टर म्हणाले, या वयाच्या मानानं नजर उत्तम आहे. आबांना ते पटलं नाही. म्हणाले, "प्रसेनजीत कशाला खोटं बोलंल?" त्यांनी लायसन परत केलं. तेव्हापासून दर महिन्याला ते एसटीनं पेठ वडगावला जातात. केरबाला गुडघा मोडून धारेला बसता येत नाही, गोठ्याचं काम होत नाही. आबा त्याच्या म्हशी धुतात. सुरुवातीला त्याची आई बनाबाई त्यांच्याशी बोलायचीही नाही. आता चहा देते.

परवा सयाजीनं मला गॅरेजमध्ये बोलावलं. गाडी खोलून ठेवली होती. फुगे नव्हतेच. त्यांच्या जागी एका बाजूला लोखंडी ठोकळा होता, वर रबराचा तुकडा. दुसऱ्या बाजूचा ठोकळा निसटून गेलेला, नुसते घासल्याचे वळ. सयाजी म्हणाला, "ताई, ह्ये अडचणीपुरतं असतंय. हवा गेली की ठोकळं घालायचं आनि हळूहळू गाडी गॅरेजला आणायची. ह्याच्यावर हायवेला कोन जातंय?" त्या गाडीखाली तुझ्याशिवाय कुणी हात घातला नव्हता, दादा.

मी तिथूनच तुला फोन केला. तू म्हणालास, फुगे आलेच नाहीत गं. आबांना तोंडावर नाही म्हणवेना, तात्पुरतं बसवलं, सुट्टीत येऊन बदलणार होतो. मी चौकीतल्या बोलण्याबद्दल विचारलं, तर म्हणालास, आता आबांना कशाला सांगतेस, त्यांना त्रास होईल. म्हशी धुताना त्यांच्या कमरेत लचक भरते, त्याला काय म्हणायचं मग? ठोकळ्यांचं मी एक वेळ समजून घेईन. भ्यालास. पण आबांचे डोळे तू का काढून घेतलेस?

आता हे पत्र कशासाठी, ते लिहिते. पुढच्या रविवारी केरबाच्या बहिणीचं लग्न आहे. बनाबाईनं स्वतः येऊन आबांना आमंत्रण दिलं. आबांनी ठरवलंय, मांडवात सगळ्या पाहुण्यांसमोर केरबाच्या पाया पडून माफी मागायची. आईनं त्यांचा पांढरा सदरा धुऊन ठेवला आहे. मी त्यांना वाकू देणार नाही. शनिवारपर्यंत ये आणि तुझ्या तोंडानं त्यांना सांग. आला नाहीस तर मी सांगेन, आणि पेठ वडगावलाही जाऊन सांगेन. फक्त फोन करू नकोस. फोन वाजला की आबाच आधी उचलतात, आणि तुझा आवाज ऐकून त्यांचा चेहरा जो फुलतो, तो मला आता बघवत नाही.

अजून तरी तुझीच,
निशा