बाबा बरे झाल्याची साक्ष

३ मार्च, मंगळवार
आणि वर मलाच म्हणतो, हळू प्रार्थना कर! म्हणजे चूक माझीच. किती वेळा सांगितलं लंबूला, की एका खोलीत राहायचं तर माझं आत्मिक जीवन सहन करावं लागेल. तो म्हणे, देव बहिरा नाही आणि मीपण नाही, मला सकाळी बॉयलरवर जायचंय. हापण ख्रिस्तीच, पण नावाचा. रविवारी मंडळीत सगळ्यात मागच्या बाकावर बसतो, तेही दाराजवळ.
ताईचा फोन. बाबांच्या पोटात परत पाणी झालं. डॉक्टर म्हणाले घरी न्या. ताई रडायला लागली. मी समजावलं, घरी सोडतात म्हणजे फरक असेल म्हणूनच ना? ताईचा फोन मध्येच कट झाला. नेटवर्क खराब असणार.
निश्चय : गुरुवारपासून कडक उपास. फक्त पाणी.

५ मार्च, गुरुवार
उपास चालू.
दुपारी १ वाजता : इस्त्रीच्या मशीनसमोर गरगरलं. हॉस्पिटलची लॉन्ड्री आहे, माझ्या चक्करेने चादरी अडकल्या तर पेशंट कशावर झोपणार? लोकांचा विचार करून जेवलो. उपास सोडला नाही, बदलला. आजपासून गोड बंद. चहातली साखर धरायची नाही, ते पेय आहे.
मुकादमाने आज परत मळक्या बाजूला जायला सांगितलं. तिथे वॉर्डातून आलेल्या चादरी सुट्या करायच्या असतात, त्यात शेवटच्या खोलीतल्यापण येतात. ज्या खोलीतून माणूस परत येत नाही ती. मी सांगितलं, सेवेत वापरायचे हात आहेत, धार्मिक कारण आहे. मुकादम म्हणाला, तुझा धर्म फक्त मळक्या कपड्यांनाच लागू होतो का रे? मी क्षमा केली.
मागे एकदा तिथली एक चादर हातात आली होती तेव्हा ती अजून कोमट होती. घाबरलो नव्हतो. जेवण गेलं नाही एवढंच.

६ मार्च, शुक्रवार
बाबा स्वतः फोनवर बोलले. आवाज बारीक पण बोलणं तेच. म्हणाले, सुट्टी टाक. आता माझा नंबर.
आमचे बाबा मंडळीचं कब्रस्तान सांभाळतात. निम्म्या गावाला त्यांनीच मातीत पोचवलंय. आणि आमच्या घरचा नियम आहे, खड्डे खणणाऱ्याचा खड्डा त्याच्या मुलाने खणायचा. आजोबांचा बाबांनी खणला, त्यांच्या बापाचा आजोबांनी.
बाबा म्हणाले, मला बघायला नको येऊ, बघण्यासारखं काही उरलेलं नाही. खणायला ये. तो कंत्राटी माणूस आखूड खणतो, आणि मी पडलो उंच. गुडघे दुमडून न्यायला मी काय घडीची खुर्ची आहे? स्वतःच हसले, मग खोकला.
मी म्हटलं बाबा, असं तोंडातून काढू नका, विश्वास धरा. ते म्हणाले, विश्वास आहे म्हणून तर मजा करतोय. पुढचं घर पक्कं आहे रे, इथून निघताना नीट झोपवा एवढंच.
बाबांचा विश्वास कमी पडतोय. त्यांच्यासाठी माझा वाढवावा लागणार.

८ मार्च, रविवार
पाळकांना सगळं सांगितलं. त्यांनी उपासनेत उभं केलं. माझ्या विमानाच्या तिकिटासाठी अर्पणाची थैली दुसऱ्यांदा फिरवली. मंडळीतल्या काकूंनी (गाणी त्याच घेतात, त्यांच्या हातातून माइक काढून घेणं म्हणजे वाघाच्या तोंडातून मटण) माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, लेकरा, जा, बापाला भेट. खजिनदार म्हणाले, पैसे पुरेसे झालेत, पुढच्या आठवड्यात तिकीट काढू. सगळ्यांनी मिठ्या मारल्या.
फार भरून आलं. पोटातही दुखायला लागलं.

९ मार्च, सोमवार
विचार केला. बापाला देव बरं करणार असा माझा विश्वास आहे, आणि मी फावडं मारायला चाललोय? हे तर विश्वास नसल्यासारखंच झालं. फावडं हातात घेणं म्हणजे सैतानाला सही करून देणं. जाण्यातच धोका आहे. बाबांना.
तरी बॅग काढून ठेवली. म्हणजे उद्या कोणी म्हणायला नको.

११ मार्च, बुधवार
लंबूला हे समजावून सांगायला गेलो तर बूट काढता काढता म्हणतो, तुझा विश्वास भारी सोयीचा आहे बाबा, दर वेळी जागेवरच बसायला सांगतो. सरळ म्हण ना, मेलेल्या माणसाची भीती वाटते.
भीती? मला? लहानपणी बाबांनी मला पहिल्यांदा खड्ड्यात उतरवलं, हातात फावडं दिलं. मातीच्या भिंतीतून काहीतरी पांढरं दिसलं. मी वर चढून पळालो ते घरी, तिथून मामाकडे, आणि तिथून मोठा झाल्यावर एजंटकडून इथे. लोक म्हणतील पळाला. मी म्हणतो पाचारण. देव काहींना पायी चालवतो, काहींना पळवतो.
लंबूशी दोन दिवस बोलायचं नाही.
संध्याकाळी : त्याच्याकडेच साखर होती. बोललो.

१३ मार्च, शुक्रवार
चमत्कार!! ताई म्हणाली, बाबांनी दोन चमचे दूध घेतलं आणि हसले. मी विचारलं, का हसले? म्हणाली, तुझं नाव काढलं म्हणून. बघा! माझ्या प्रार्थनेचंच फळ.
ताई पुढे बरंच काही सांगत होती, पायाची सूज वगैरे. नकारात्मक बोलणं ऐकायचं नाही असं ठरवलंय, म्हणून फोन जरा लांब धरला.
प्रार्थनासभेला बाहेरून एक उपदेशक आले होते. कोटाची बटणं सोनेरी. म्हणाले, मागितलं ते मिळालंच असं धरून चला आणि चारचौघांत तशी साक्ष द्या. वाट बघत बसणारा अजून शंकेत आहे. मला वाटलं हा माणूस माझ्याकडेच बघून बोलतोय. (ते थैलीकडे बघत होते असं लंबू म्हणाला.)

१५ मार्च, रविवार
साक्ष दिली.
खरं तर मी एवढंच म्हणणार होतो की बाबांची तब्येत जरा बरी आहे, दूध घेतलं. पण समोरून हालेलूया आला. मग मी म्हटलं, उठून बसले. परत हालेलूया, जास्त मोठा. मग बाबा उभे राहिले, मग अंगणापर्यंत गेले. माणसं उभी राहून टाळ्या वाजवत होती, मला थांबवणारा कोण? शेवटी बाबा कब्रस्तानात गवत कापत होते. काकू ढसाढसा रडल्या. लंबू उठून बाहेर गेला. त्याला अशा ठिकाणी गुदमरतं.
मग खजिनदार उठले. म्हणाले, देवाची स्तुती असो, भाऊंचे वडील बरे झाले, म्हणजे आता तिकिटाची गरज नाही. तर हे पैसे आभाराचं अर्पण म्हणून नव्या स्पीकरला वापरावेत, जुना फार खरखरतो. कोणाची हरकत? कोणाची नव्हती. सगळ्यांनी हात वर केले.
मीपण केला. दोन्ही केले.
एकदम हलकं वाटलं. पोटातलं दुखणंपण गेलं. पवित्र आत्मा आला की असंच हलकं वाटतं म्हणतात.

१७ मार्च, मंगळवार
ताईने विचारलं, कोणत्या दिवशी पोचतोस? मी सांगितलं, तिकिटाचं जरा अडलंय. ती म्हणाली, मंडळी देणार होती ना? म्हटलं, मंडळीला तातडीची गरज निघाली.
मग बाबांनी फोन मागितला. शब्द सुटे सुटे येत होते. म्हणाले, खणवत नसेल तर नुसता ये. काठावर उभा राहा. मी कोणाला सांगणार नाही.
मी म्हटलं, बाबा, तुम्ही बरे झालात.
म्हणाले, कोण म्हणतं?
मी म्हटलं, विश्वासाने बरे झालात. रविवारीच.
ते म्हणाले, अरे, मग मलापण कळवायचं होतंस.
मग त्यांना धाप लागली. ताईने फोन घेतला आणि ठेवला. ताईचा स्वभाव पहिल्यापासून तापट.

१९ मार्च, गुरुवार
लंबूने आज माझ्या उशीवर पैसे आणून ठेवले. तिकिटाचे. गावी घराचं छप्पर बदलायला साठवत होता ते. म्हणाला, उद्याचं काढ, छप्पर थांबेल. मी म्हटलं, अविश्वासी माणसाचे पैसे कसे घेऊ? तो म्हणाला, घे रे, नोटांचा बाप्तिस्मा झालेला नसला तरी चालतो विमानाला.
घेणारच होतो. पण रविवारी नव्या स्पीकरचं समर्पण आहे. मोठे पाळक येणार. नव्या माइकवर पहिली माझीच साक्ष ठेवलीय, पत्रिकेत छापलंय. मीच नसलो तर लोक विचारतील कुठे गेला? बाप मरायला टेकलाय म्हणून गेला असं सांगायचं? मग त्या साक्षीचं काय? मंडळीतल्या दुबळ्यांचा विश्वास ढासळेल. मला माझ्यापुरतं बघून चालत नाही.
ठरलं : सोमवारी निघायचं. नक्की. लंबूला सांगितलं. त्याने पैसे उचलले नाहीत.
मुकादमाला सुट्टी मागायची राहिली. उद्या.

२० मार्च, शुक्रवार
मुकादम बिझी होता. लांबून तरी वाटलं.

२२ मार्च, रविवार
पहिल्या बाकावर बसलो होतो. फोन सायलेंटवर. खिशात सारखा थरथरत होता. मोठे पाळक प्रार्थना करत होते, तेव्हा मांडीवर ठेवून बघितला. ताईचा मेसेज. बाबा पहाटे गेले. शांतपणे गेले. तिला शेवटी म्हणाले, दार उघडं ठेव.
तेवढ्यात माझं नाव पुकारलं.
काय करणार? हॉल भरलेला. काकूंनी स्वतः माइक हातात दिला, आयुष्यात पहिल्यांदा.
दिली साक्ष. गवत कापण्यापर्यंत सगळी. स्पीकर खरंच चांगला आहे, एकेक शब्द खणखणीत. "माझे बाबा बरे झाले" हे तर रस्त्यावर ऐकू गेलं असेल. भिंतीवर आपटून परत माझ्याच कानात आलं. लोक ओरडत असतील, तोंडं उघडी दिसत होती, मला काही ऐकू आलं नाही. स्पीकर फार जवळ होता.
नंतर काकूंनी विचारलं, कसे आहेत रे बाबा आता? मी म्हटलं, आता काही त्रास नाही.
हे खोटं नाही. शंभर टक्के खरं आहे. नीट विचार केला तर आजच्या दिवसातलं तेवढंच.

२३ मार्च, सोमवार
कामावर गेलो. कोणाला सांगितलं नाही. सांगायचं तरी कसं? मंडळीत माझे बाबा गवत कापतायत.
लंबूला न सांगता कळलं. टोमणा मारला नाही. एखादा तरी मारायला हवा होता. समोर येऊन बसला आणि विचारलं, नाव काय होतं रे त्यांचं? सांगितलं. तो मान खाली घालून काहीतरी पुटपुटला, चार शब्दांचं असेल. मग झोपला.
मीपण प्रार्थनेला बसलो. "हे बापा" म्हटलं आणि पुढचं काही येईना. घसा बसलाय. कालच्या माइकमुळे.

२४ मार्च, मंगळवार
ताईचा फोन. काल दफन झालं.
मी विचारलं, कंत्राटी माणूस किती घेतो? त्याची मजुरी मी पाठवतो, मुलाचं कर्तव्य आहे. ताई म्हणाली, त्याला बोलावलाच नाही. मी खणला. सकाळपासून खणत होते. गावचे पाळक नको म्हणाले, बाईमाणसाने उतरायचं नसतं. मी म्हटलं, मग त्यांच्या मुलाला उतरवा. मग बाजूला झाले. तळहात सोलवटलेत, फोन धरवत नाही, ठेवते.
रागावली नव्हती. दमली होती नुसती. रागावली असती तर मला काहीतरी उत्तर देता आलं असतं.
लंबूचे पैसे परत केले. त्याने मोजले नाहीत.
ताईला पाच हजार पाठवायचे ठरवलं. मग आठवलं, रविवारी भरात स्पीकरच्या स्टँडसाठी हजार कबूल केलेत, सगळ्यांदेखत, माइकवरून. ते चुकवून चालणार नाही, देवाचे आहेत. मग खोलीभाडं. शिवाय एकदम जास्त पाठवले तर ताईला वाटेल, मला काहीतरी टोचतंय. कंत्राटी माणसाचा बाबा सांगायचे तोच दर बरोबर. कमी नाही, जास्त नाही. मजुरी म्हणूनच पाठवतोय.
आठशे.