गोड झिलई

प्रिय ठमाबाई,

चारच दिवसांपूर्वी फोनवर बोललो आणि आज हे पत्र, म्हणजे म्हाताऱ्याचं काहीतरी बिनसलं असं तुला वाटेल. तुझी आई म्हणत होती, फोनवर सांगून मोकळे व्हा. पण फोनवर मी 'आमचं सगळं छान' एवढंच म्हणतो, फोन तिच्या हातात देतो आणि माती घेऊन चाकावर जाऊन बसतो, हे तुला माहीत आहे. कागदावरून असं पळता येत नाही.

भिंगरीच्या रक्तात शिसं सापडलं आणि ते रोजच्या खाण्यापिण्यातूनच जातंय असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तेव्हापासून तू घर पालथं घातलंस. सुटा मसाला बंद केलास, नळ बदललास, खिडक्यांचा जुना रंग काढून घेतलास. जावईबापू तर टाकी धुता धुता घसरले आणि आठवडाभर लंगडत होते. तरी पोरीचं पोट दुखायचं थांबेना. सुट्टीत दीड महिना ती आत्याकडे राहिली तर आकडा खाली आला, घरी आली तर पुन्हा वर. तू नव्या नळाला बोल लावलेस.

आणि त्या दिवशी फोनवर तू हसत सांगितलंस, की आत्याकडे ती रोज जेवताना रुसायची, कारण तिथे आजोबांनी केलेला पिवळा वाडगा नव्हता. घरी आल्याआल्या तिने त्यातच टोमॅटोचं सूप मागितलं. मीही हसलो. मग चाकावर येऊन बसलो, तर हात चालेनात. समोरची माती तशीच सुकली.

तुला ती बरणी आठवते? नुकती अक्षरं जुळवायला लागली होतीस. चिठ्ठीवर 'गोड' वाचलंस आणि साखर समजून बोट घालायला गेलीस, तेव्हा मी तुला धपाटा घातला होता. भांड्यांना चमक आणायच्या त्यातल्या भुकटीला आम्ही कुंभार गोड झिलई म्हणायचो, कारण ती कमी आचेवर गोडीगुलाबीने वितळते आणि छान चमकते. ती शिशाची. हे विष आहे असं कानावर आल्यावर विकायच्या मालाला मी ती लावणं बंद केलं, पण बरणी काही टाकवली नाही. नीट भाजली की शिसं भांड्यातच राहतं, बाहेर येत नाही, असा माझा ठाम समज होता. म्हणून गिऱ्हाइकाला साधी झिलई आणि घरच्यांना गोड. आपल्या माणसांना चांगलं द्यावं, एवढंच डोक्यात होतं गं.

पिवळ्या वाडग्याचा जोडीदार माझ्याकडे होता. तो घेऊन तपासणी केंद्रात गेलो. तिथल्या मुलीने त्यात व्हिनेगर भरून दिवसभर ठेवलं आणि मग तपासलं. आंबट पदार्थात शिसं उतरतं, हे तिने मला शाळेतल्या पोराला सांगावं तसं समजावलं. त्या व्हिनेगरमध्ये ते भरपूर उतरलं होतं. घरी येऊन मी रडलो. तुझ्या आईने रडू दिलं, मग यथेच्छ झापलं.

तर पत्राचं कारण हे. शिसं तुमच्या नळात नव्हतं, माझ्या वाडग्यात होतं. तो आजच बाजूला काढ. तुझा निळा मग आणि दादाला दिलेला जगही त्याच झिलईचे आहेत. दादाला मी स्वतः कळवलंय. तुम्ही सगळे रक्त तपासून घ्या, आम्हीही घेतोय. काही फोडू नकोस, मी येऊन घेऊन जाईन. बरणी केंद्रातल्या मुलीकडे सोपवली. काल डॉक्टरीणबाईंशी बोललो. मूळ सापडलं, आता आकडा उतरेल, म्हणाल्या. माझ्यावर हवं तेवढं रागाव, मी दारात उभा राहून ऐकून घेईन. सोबत साधा नवा वाडगा पाठवतोय, तपासणीचा कागद त्यातच आहे. तो चमकत नाही म्हणून भिंगरी रुसेल. रुसू दे. आत्याकडे रुसून जेवत होती, तेव्हाच बरी होत होती.

तुझाच,
मातीत हात असलेला बाबा