चौकशीला मी येईन

धुळे, १४ नोव्हेंबर २०२४

ती. आबा,

सपनाचा नमस्कार. मी आणि चिमी माहेरी सुखरूप आहोत. तिला वरचे दात येताहेत, दिसेल त्याला चावते. सासूबाईंचा गुडघा कसा आहे? फोनवर तुम्ही मला बोलूच देत नाही, म्हणून लिहिते.

वनाभाऊजी निरोप देऊन गेले. सोमवारी चोपड्याला चौकशीपुढे सांगायचं, की डॉक्टर मॅडमनी डायलिसिसचं मशीन लावायचं सोडून युवराजच्या पोटात पाणी भरलं आणि त्याला मारलं. त्यांच्या दवाखान्याच्या काचाही तुम्ही फोडल्यात म्हणे. छान केलंत.

आबा, युवराजला घोणस आपल्याच केळीच्या बागेत चावली. त्याची लघवी बंद झाली. रक्तदाब एवढा खाली, की मशीन झेपणार नाही आणि जळगावपर्यंत तो टिकणार नाही, हे मॅडमनी तुमच्यासमोरच सांगितलं. मग पोटात नळी घालून औषधाचं पाणी सोडायचं, रक्तातली घाण त्यात उतरली की काढून घ्यायचं. जेवणखाण सोडून त्या उशाशी बसल्या. तो शुद्धीवर आला, चिमीला विचारू लागला.

त्यांनी बजावलं होतं, केळं आणि नारळपाणी अजिबात नको, किडनी बंद असताना त्यानं हृदय थांबतं. तुम्ही हसलात. "घरनं केळं शे, हाई काय विख शे का?"

मी जेवायला खाली गेले. परत आले तर तुम्ही नव्हता आणि तो खुशीत होता. म्हणाला, "आबानी केळी खावाडी, जीवले बरं वाटनं." कॉटखाली साली होत्या, रिकामं शहाळं होतं. मी मॅडमना हाका मारत धावले. त्या आल्या तोवर सगळं संपत आलं होतं.

स्मशानात तुम्ही जसे कोसळलात ते पाहून मी तोंड शिवलं. बापाच्या मायेनंच दिलंत, मला माहीत आहे. पण तुम्हालाही माहीत आहे आबा, म्हणून तर एवढ्या जोरात ओरडताय. चोराच्या उलट्या बोंबा!

भाऊजी म्हणाले, जबाब दिला नाही तर घराची पायरी चढायची नाही. नाही चढणार. सोमवारी मात्र येईन. बाईही येणार आहेत असं कळलं. त्याआधी मॅडमवरची तक्रार मागे घ्या, म्हणजे त्यांचा मुलगा कशानं गेला हे त्यांना माझ्या तोंडून ऐकावं लागणार नाही.

तुमच्या युवराजची बायको,
सपना